पेंढ्याची आई

माझी आजी, म्हणजे आईची आई, बुजगावणं होती. लहानपणी हे मी शाळेत सांगितलं तेव्हा बाईंनी मला बाकावर उभं केलं. दुसऱ्या दिवशी आई शाळेत येऊन बाईंना म्हणाली, की पोरगी खोटं बोललेली नाही, उलट थोडं कमीच बोलली आहे.

वस्तीच्या बाहेर एक बालगृह होतं, ज्यांना कुणी नाही अशा मुलांचं. इमारत लांबट, खिडक्या उंचावर. खिडकीतून बाहेर बघणाऱ्या मुलाचं अभ्यासात लक्ष लागत नाही, असं बांधणाऱ्याचं मत असावं. पण इमारतीच्या मागे शेत होतं आणि शेतात उभं राहून आभाळाकडे बघायला कुणाची बंदी नव्हती. मुलांनीच पिकवायचं, मुलांनीच खायचं, उरेल ते गाईंचं. प्रत्येक मुलाला एक वाफा वाटून दिलेला. ज्याच्या वाफ्यात जे, तेच त्याचं नाव पडायचं. कागदावरची नावं वेगळी होती, पण त्या नावानं हाक मारली तर कुणी वळूनही बघत नसे. माझी आई काकडी. आता तिच्याकडे बघून कुणाला पटणार नाही, पण नाव काही वजन बघून बदलत नाही. तिच्या शेजारच्या वाफ्यात कोबी, पलीकडे गाजर, बांधाला लागून बटाटा. वाफ्याला वाफा लागला की नातं लागलं, असा तिथला कायदा. म्हणून मला दोन मामा आणि एक मावशी आहेत: कोबीमामा, बटाटेमामा आणि गाजरमावशी. रक्त एकाचंही एकाशी जुळत नाही, पण पाणी एकाच पाटाचं.

आणि शेताच्या मधोमध सगळ्यांची आई.

उभ्या काठीला आडवी काठी बांधलेली, अंगात पेंढा, डोक्याच्या जागी चेपलेला दुधाचा कॅन. कॅनच्या दोन कड्या म्हणजे तिचे कान. डोळे डांबराचे. तोंड नव्हतं, आणि ते विसरून राहिलं नव्हतं, ठरवून काढलं नव्हतं. जी मुलं जरा मोठी होऊन बालगृहात आली होती, ज्यांना खरी आई पुसटशी आठवत होती, त्यांनी बाकीच्यांना सांगितलं होतं की आईला तोंड असलं की ती ओरडते. मग नकोच, असं सगळ्यांचं मत पडलं.

शेतावरच्या व्यवस्थापकानं तिला पाखरं हाकलायला उभं केलं होतं. मुलांना मात्र काळजी, की दिवसभर बिचारी एकटी कशी राहील. म्हणून मुलं तिच्या खिशांत दाणे भरून ठेवायची. मग आसपासची सगळी पाखरं आधी आईला भेटायला यायची आणि आलोच आहोत तर म्हणून शेतही खाऊन जायची. व्यवस्थापकाला हे कोडं शेवटपर्यंत सुटलं नाही. त्यानं आईचे हात लांब केले, डोळे मोठे केले, अंगात काळा कोट घातला. पाखरांना कोटाचे खिसे जास्तच आवडले.

दरवर्षी पीक निघालं की आईला नवी करायची, अशी तिथली रीत. जुना पेंढा काढून गाईंपुढे टाकायचा आणि नवा भरायचा. प्रत्येकानं आपला एकेक फाटका कपडा द्यायचा, कुणी बाही, कुणी कॉलर, कुणी नुसताच मोजा. ते सगळं जोडून तिचा झगा व्हायचा. काठी मोडली तर काठी बदलायची, कॅन गळायला लागला तर कॅन. पण आई बदलली असं कधी कुणाच्या मनातही आलं नाही. नखं कापली म्हणून माणूस काय दुसरा होतो?

पुढे बालगृह बंद पडलं आणि मुलं पांगली. शेत एकानं कसायला घेतलं. तो भला माणूस होता. उभी आहे तर उभी राहू दे म्हातारी, म्हणाला. माझ्या आईला मागणी घालायला बाबा चांगले कपडे घालून त्या शेतात गेले होते. त्यांनी रीतसर विचारलं, बराच वेळ वाट पाहिली, समोरून नकार आला नाही, आणि लग्न ठरलं. ते आजही सांगतात की अशी सासू मिळायला नशीब लागतं. सगळं ऐकते, उलट बोलत नाही, आणि जावयाच्या घरातल्या कुठल्याही वस्तूवर बोट ठेवत नाही, कारण तिला बोटंच नाहीत.

माझी आई दरवर्षी पीक निघालं की पिशवी भरायची. "चार दिवस माहेरी जाऊन येते," म्हणायची. शेतकऱ्याच्या पडवीत झोपायची, दिवसा आपल्या आईला नवी करायची, तिच्या कडीशी तोंड नेऊन वर्षभरातलं सगळं सांगायची. मामा आणि मावशीही सुरुवातीला यायचे. मग कामं आली, मग मुलंबाळं आली, मग गुडघे आले, आणि शेवटी एकटी काकडी उरली. पेंढा भरताना ती गुणगुणायची, तिच्याच ओळी, तिच्याच चालीत:

उन्हात उभी माय माझी दोन्ही हात पसरून
तिला ठावं, लेक तिची येते किती दुरून

आणि परत यायची तेव्हा तिच्या चालण्यात एक ऐट असायची. मला विचारणारं कुणीतरी आहे, अशी.

गेल्या वर्षी ती गेली आणि दुसऱ्याच दिवशी परत आली. पिशवी खांद्यावरून न काढताच म्हणाली, "आईच्या हाताला चिठ्ठी बांधलीय."

झालं होतं असं. ते शेत आता ऐतिहासिक वारसा म्हणून जाहीर झालं होतं. शेतकऱ्याला दुसरीकडे जमीन मिळाली आणि वारसा कार्यालयातून एक तरुण अधिकारी बाई आली. डोक्यावर उन्हाची टोपी, गळ्यात कॅमेरा, कमरेला दोऱ्याचं बंडल. दिसेल त्या वस्तूला ती दोऱ्यानं चिठ्ठी बांधत चालली होती. रहाटाला, गोठ्याच्या दाराला, गाईंच्या हौदाला, कुदळीला. तिनं एका कोंबडीलाही चिठ्ठी बांधली होती. ती कोंबडी वारशातली नसून शेजारच्यांची आहे हे कळेपर्यंत ती चिठ्ठीसकट कुंपणापार झाली होती, आणि कार्यालयाच्या दप्तरी आजही ती बेपत्ता वारसा म्हणूनच आहे.

अधिकारी बाई मनानं वाईट नव्हती. माझ्या आईला बघून तिनं सावलीत बसवलं, पाणी दिलं, आणि मगच बातमी दिली. तिनं बुजगावण्याची तपासणी केली होती. पेंढा आदल्या वर्षीचा निघाला. कोट बाबांचा. झग्यात माझ्या जुन्या परकराचा तुकडा. काठी बदललेली, कॅन बदललेला, डोळ्यांचं डांबरही ताजं.

"काकू, हिच्यात मूळचं असं काहीच नाही," ती खरोखरच हळहळत म्हणाली. "ही प्रतिकृती आहे."

आणि वारशाच्या जागेत प्रतिकृती चालत नाही. म्हणून कार्यालयानं एका नामांकित कलाकाराला काम दिलं होतं. बालगृहाच्या एका जुन्या फोटोवरून तो अस्सल बुजगावणं तयार करणार होता. म्हणजे आमची जुनी आजी नवी आहे म्हणून जाणार होती, आणि नवी आजी जुनी आहे म्हणून येणार होती. आईनं तिला विचारलं, की पोरी, तुझे केस तरी मूळचे आहेत का? अधिकारी बाईनं टोपीखाली हात घालून पाहिलं आणि म्हणाली की हा मुद्दा समितीपुढे मांडता येईल. तक्रार करायची सोय होती. फक्त वस्तू समक्ष हजर करावी लागणार होती.

त्या दिवशी आई जेवली नाही. बाबा समजूत घालत म्हणाले की अगं, नवी सासूबाई का असेना, जागा तर तीच आहे. उलट आता ते सगळ्यांना खुलं होणार, वर्षातून एकदाच कशाला, वाटेल तेव्हा तिकीट काढून जा.

"माहेरी तिकीट काढून जाऊ?" आई म्हणाली.

थोड्या वेळानं आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "तिला हलवलं तर मी जायचं कुठे, सांग." एवढंच होतं ते सगळं. वारसा, मूळ, प्रतिकृती, हे शब्द कार्यालयाचे. आईला फक्त वर्षातून एकदा पिशवी भरून जायला एक दार हवं होतं, आणि त्या दाराला दारही नव्हतं, नुसत्या दोन पसरलेल्या बाह्या होत्या.

तिनं भावंडांना फोन लावले. कोबीमामा घड्याळं दुरुस्त करतो, बटाटेमामाचं रंगाचं दुकान आहे, गाजरमावशी दवाखान्यात नर्स होती, आता घरीच असते. तिघांचाही आवाज एकदम भरून आला. आईसाठी येणार नाही तर कुणासाठी येणार, असं तिघांनीही म्हटलं. मावशीनं तर पुढे विचारलं, की तिची तब्येत कशी आहे.

सुनावणीच्या दिवशी आईनं आणि मी आजीला शेतातून उपटलं. काठीच्या बुडाला ओली माती होती, ती आईनं रुमालानं पुसली. बसच्या दारात कंडक्टरनं अडवलं. सामान असेल तर टपावर जाईल, माणूस असेल तर तिकीट लागेल, काय ते ठरवा. आईनं आत्मसन्मानानं तिकीट मागितलं आणि तेही ज्येष्ठ नागरिकाचं. वयाचा पुरावा त्यानं मागितला खरा, पण मग तिच्या डांबरी डोळ्यांत बघून तोच ओशाळला आणि तिकीट फाडून देताना म्हणाला, आजीला खिडकी द्या, वारा लागेल. आजीला बसता येत नाही, त्यामुळे ती सीटवर तिरकी टेकली. तिच्या शेजारी एक गृहस्थ बसले. ते तिच्या खांद्यावर मान टाकून अखंड झोपले, उतरताना जागे झाले, आणि "माफ करा हं, डोळा लागला," असं म्हणून गेले. जाताना त्यांच्या कॉलरमध्ये दोन काड्या होत्या.

वारसा कार्यालयाच्या व्हरांड्यात मामा, मावशी आधीच येऊन थांबले होते. इतक्या वर्षांनी आपल्या आईला बघून तिघांचीही तारांबळ उडाली. कोबीमामानं केसांवरून हात फिरवला. बटाटेमामानं तोंडातलं पान घाईनं कोपऱ्यात थुंकलं आणि ओठ पुसले. गाजरमावशी सरळ पुढे झाली, नर्सच्या सवयीनं आईचं मनगट हातात धरून उभी राहिली, आणि "किती वाळलीस गं," म्हणाली. पेंढाच तो, वाळणारच, पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं ते खरं होतं.

आत लांब टेबलामागे समिती बसली होती. मधोमध अध्यक्ष, जाड भिंगांचा चष्मा लावलेले वयस्क गृहस्थ. एका बाजूला शिल्पं-मूर्तींचे जाणकार, दुसऱ्या बाजूला आमची अधिकारी बाई, कागद सावरत. अध्यक्षांनी खाली मान घालूनच वस्तू टेबलावर ठेवायला सांगितलं, मग वर बघितलं आणि म्हणाले, नको, यांना खुर्ची द्या. शिपायानं सगळ्यांसाठी पाण्याचे ग्लास आणले. एक आजीपुढेही ठेवला.

जाणकारांनी सुरुवात केली. त्यांचं म्हणणं सोपं होतं. जिच्यात तेव्हाची एकही काडी शिल्लक नाही ती तेव्हाची कशी? तेव्हाच्या काड्या गेल्या कुठे, एवढं सांगा.

आई उठून उभी राहिली. "गाईंनी खाल्ल्या," ती म्हणाली. "दरवर्षी हिचा पेंढा गाईंना घालायचो आणि त्याच गाईंचं दूध आम्ही प्यायचो. आता तुम्हीच सांगा साहेब, मी कुणाच्या अंगावर वाढले?"

जाणकारांनी चिवटपणे मुद्दा काढला, की या हिशेबानं गाय आई ठरते, बुजगावणं नव्हे.

"गाय दाई," आई म्हणाली.

अध्यक्षांनी हे टिपून घ्यायला सांगितलं. अधिकारी बाईनं टिपलं. मग, म्हणजे मूळच्या काड्या आता कुठे आहेत, असं अध्यक्षांनी जरा चाचरतच विचारलं, आणि आईनं आपल्याकडे, मग भावंडांकडे बोट दाखवलं. चार म्हातारी माणसं आपापल्या अंगाकडे बघायला लागली. जाणकारांनी पुढे झुकून कोबीमामाचं नीट निरीक्षण केलं. मामाला चिठ्ठी बांधायची की काय, अशा बेतानं अधिकारी बाईचा हात दोऱ्याकडे गेला होता, असं बटाटेमामा अजून शपथेवर सांगतो.

इथवर सगळं चांगलं चाललं होतं. अध्यक्षांनी मग सहज, केवळ नोंदीपुरतं, बाकीच्या तिघांना विचारलं की तुम्ही यांना ओळखता का.

कोबीमामा म्हणाला, ओळखता म्हणजे काय, दरवर्षी तिला काठीला बांधायचं काम माझं होतं. त्यावर गाजरमावशी म्हणाली की त्याच्या गाठी सुटायच्या, वादळ आलं त्या वर्षी मी तिला मिठी मारून उभी होते, हे सांगायला तो बरा विसरला. बटाटेमामा म्हणाला की ते काही असो, आईचं तोंड माझ्या वाफ्याकडे असायचं. तिला तोंडच नाही, असं दोघं एकदम म्हणाले. मग डोळे म्हणा, बटाटेमामा म्हणाला, पण बघायची माझ्याकडेच, मी धाकटा होतो. धाकटा म्हणूनच शेफारलास, मावशी म्हणाली, तिच्या खिशातले दाणे पाखरांच्या आधी तूच खायचास. आणि तू? तू गेल्या किती वर्षांत तिला भेटायला आलीस? माझे गुडघे दुखतात, तुला काय कळणार.

"तिला एकच पाय आहे," कोबीमामा म्हणाला. "ती उभी राहिलीच ना इतकी वर्षं?"

मग जे झालं त्याला सुनावणी म्हणता येणार नाही. कुणी कुणाला लग्नात बोलावलं नव्हतं, कुणी आईच्या झग्याला शर्ट द्यायचा सोडून फाटका बनियन दिला होता, कुणी बालगृह सोडताना आईला न सांगता गेलं होतं, सगळं टेबलावर आलं. गाजरमावशी आजीला हलवून हलवून विचारत होती, तूच सांग, तूच सांग. आजीची मान, म्हणजे कॅन, डुगडुगत होता, आणि दोन्ही बाजूंना होकार मिळाल्यासारखं वाटून भांडण आणखी पेटत होतं. माझी आई मध्ये पडली, तर सगळे मिळून तिच्यावर उलटले. मोठी आली आईची सेवा करणारी, आम्हाला काय आई नको होती?

अध्यक्षांनी चष्मा काढला. मग म्हणाले, "पुरे. माझ्या घरी आम्ही भाऊ असेच भांडतो. हेच शब्द. गुडघेसुद्धा तेच."

आणि त्यांनी निकाल दिला. समोरची वस्तू ही वस्तू नाही, नातेवाईक आहे. वस्तूवरून इतकं कुणी भांडत नाही. तेव्हा ती मूळची की प्रतिकृती हा प्रश्नच निकालात निघतो.

आईनं हात जोडले. तिचा चेहरा असा उजळला होता की मीही उठून उभी राहिले.

पण अध्यक्षांचं बोलणं संपलं नव्हतं. वारसा कार्यालयाला वस्तूंचं जतन करण्याचा अधिकार आहे, नातेवाइकांचं नाही. नातेवाइकाला सरकारी शेतात उभं करून ठेवता येत नाही, तो अन्याय होईल, तोही या वयात. सबब, संबंधितांनी आजच आपल्या आईचा ताबा घ्यावा आणि तिला घरी घेऊन जावं. हे सांगताना त्यांचा आवाज फार मायेचा होता. ग्लासातलं पाणी संपवून ते पुढच्या प्रकरणाकडे वळले.

आम्ही व्हरांड्यात आलो. मघाशी आईवरून एकमेकांच्या झिंज्या उपटायला निघालेली ती माणसं एकाएकी भिंतीवरच्या सूचना वाचायला लागली. थोड्या वेळानं कोबीमामा म्हणाला की त्याचं घर चौथ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. बटाटेमामा म्हणाला, त्याच्या दुकानात रंग, थिनर, त्यात पेंढा आणणं म्हणजे आगीला आवतण. गाजरमावशी म्हणाली, सून. पुढे काही म्हणायची गरजच नव्हती. मग तिघांनी मिळून माझ्या आईकडे पाहिलं. काकडी, तूच तिचं सगळं करत आलीस, तुझ्याकडेच ती सुखात राहील, आम्ही येत जाऊ की अधूनमधून.

मलाही तसंच वाटत होतं. आमच्या खिडकीजवळचा कोपरा मी मनातल्या मनात रिकामाही केला होता.

"नाही," आई म्हणाली.

ती हळूच बोलली, पण तिघांनीही भिंतीवरून नजर काढली. "ती माझ्याकडे आली तर मी कुणाकडे जाऊ? लेकीच्या घरी आई राहायला आली की आई मिळते, माहेर जातं. मला दोन भाऊ आहेत. एक बहीण आहे. असूनसुद्धा मी त्या शेतात एकटी जाऊन बसत होते." मग तिनं आजीच्या अंगावरचा कोट नीट केला, खांद्यावरची काडी झटकली, आणि काठी उचलून कोबीमामाच्या हातात दिली. "तू मोठा. आधी तू."

कोबीमामानं काठी धरली. न धरून करतो काय, समोर आई होती.

चौथ्या मजल्यावर आजीला चढवणं सोपं नव्हतं. हात पसरलेले, जिना अरुंद. प्रत्येक वळणावर तिला आडवी करावी लागत होती. आम्ही चौघंजण तिला आडवी धरून चढत होतो, मावशी गुडघे धरत मागून येत होती, आणि मजल्यामजल्यावरची दारं उघडत होती. माणसं आपोआप बाजूला होत होती, पुरुष टोप्या काढत होते. तिसऱ्या मजल्यावर एका बाईनं पदर तोंडाला लावून हलक्या आवाजात विचारलं, की कोण गेलं हो?

"कुणी गेलं नाही," कोबीमामा धापा टाकत म्हणाला. "आई आलीय."

तेव्हापासून आजी आळीपाळीनं राहते. काही महिने कोबीमामाकडे गॅलरीत, काही महिने बटाटेमामाच्या दुकानामागच्या खोलीत, थिनरपासून लांब. गाजरमावशीकडे ती दिवाणखान्यात टीव्हीसमोर असते, आणि मावशीची सून म्हणते की घरात कुणीतरी शांतपणे बसणारं आहे हे बरंच झालं. शेतात आता अस्सल बुजगावणं उभं आहे. जुन्या फोटोवर चेहऱ्याच्या जागी एक ओरखडा होता. कलाकारानं तो तोंड समजून काढला, चांगला मोठा, उघडा. त्याला बघून एकही पाखरू तिकडे फिरकत नाही. त्यामुळे कार्यालयानं पेरलेलं पीक असं आलं की त्या शेताच्या इतिहासात कधी आलं नव्हतं, आणि म्हणून ते इतिहासाला धरून नाही, असा ठपका जाणकारांनी ठेवला. अधिकारी बाईनं आईला फोनवर सांगितलं, की पाखरं परत आणण्यासाठी कार्यालय आता निविदा काढणार आहे. मग तिनं जरा घुटमळत विचारलं की आजी सध्या कुणाकडे असतात. आईनं पत्ता दिला.

यंदा आई माहेरी गेली ती कोबीमामाकडे. पिशवी भरून, चार दिवसांसाठी. भावंडंही जमली होती, झाडून सगळी. चौथ्या मजल्यावरच्या त्या खोलीत जमिनीवर बसून त्यांनी आईला नवी केली. जुना पेंढा पोत्यात भरून कोबीमामा कोपऱ्यावरच्या गोठ्यात देऊन आला, आणि दूध आता तिथूनच घेतो. आईनं तिच्या ओळी म्हटल्या, आणि या वेळी मागून तीन बेसूर आवाज होते:

तोंड नाही माझ्या आईला, मग बोल कोण लावील?
कान तिचे दोन मोठे, लेक किती सांगील

पाचव्या दिवशी आई घरी आली. दार उघडलं तर ती फणकाऱ्यानं आत आली, पिशवी खुर्चीत आदळली, आणि बाबांना म्हणाली, "वहिनी मला काय म्हणाली माहितीय? म्हणाली, येता तेव्हा येता आणि घरभर पेंढा करून जाता, मोरीतसुद्धा काड्या अडकल्यात. जाताना निदान झाडून तरी जा."

बाबांना वाईट वाटलं. ते म्हणाले, एवढं बोलत असेल तर पुढच्या वेळी जाऊ नकोस, झालं.

"जाऊ नको?" आई त्यांच्याकडे बघतच राहिली. "का म्हणून? माझं माहेर आहे ते. तिनं बोलायचं, मी ऐकून घ्यायचं, आणि इथे येऊन तुम्हाला सांगायचं."

मग तिनं चहा टाकला आणि चहा उकळेपर्यंत पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली, की वहिनीनं दार उघडताना तोंड कसं केलं, आणि चहाचा कप समोर कसा आपटला. आम्ही ऐकत होतो. दर वेळी सांगताना तो कप आधीपेक्षा थोडा जास्तच जोरात आपटला जात होता.